सात नंबर, आठ नंबर

"हळू चाल गं सात. गाडी दोनची आहे, आत्ता कुठे साडेसात झालेत," आठ म्हणाली.

मी हळूच चालत होते. गुडघा तिचा दुखतो, पाय ती ओढते आणि हळू चालायला सांगते मला. तिचं सगळं असं उलटं. दोघींच्या चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या आणि वाळूतून आणखी हळू चालायला लागले.

सात म्हणजे मी. आठ म्हणजे ती. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आमच्या खुर्च्यांचे हे नंबर. कामावर रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी सुपरवायझर बाई मागून म्हणाल्या, "सात, पाठ ताठ. आठ, बडबड कमी." एकमेकींची नावं विचारायला फुरसत मिळेपर्यंत नंबर जिभेवर बसले ते बसलेच. पुढे तिच्या लग्नाच्या आमंत्रणावर तिचं खरं नाव वाचलं, तेव्हा ही कोण बाई आता, असा मला क्षणभर प्रश्न पडला होता. तिचा मुलगा लहानपणी मला सातमावशी म्हणायचा. आता नुसतं मावशी म्हणतो, कारण आता तो मोठा साहेब आहे.

तोच मुलगा परवा आला होता. आईचं घर विकून झालं होतं, सामानाला गिऱ्हाईक लागलं होतं, उरलेलं बांधायला तो चार दिवसांची रजा घेऊन आला होता. आज दुपारी दोनला तो आईला घेऊन जाणार होता. रेल्वेने अठरा तास. म्हणजे पुन्हा कधीतरी सकाळी फिरायला भेटू, असं म्हणायचीही सोय नव्हती.

"चौदाव्या मजल्यावर घर आहे म्हणे," आठ म्हणाली. "लिफ्ट बंद पडली तर काय, विचारलं. तर सून म्हणते, आई, तुम्हाला खाली उतरायचंच कशाला? तुम्ही फक्त आराम करायचा, काहीच करायचं नाही. आता मला सांग, काहीच करायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं?"

"झोपायचं."

"आणि जाग आल्यावर?"

"पुन्हा झोपायचं. तुला काय, ड्यूटीवरही डोळे उघडे ठेवून झोपायचीस."

ती हसली. मला ते दिसलं नाही, ऐकू आलं. आम्ही कायम समोर बघूनच बोलतो. एक्स्चेंजमध्ये मान वळवलेली बाईंना चालायची नाही, म्हणून ओठ फारसे न हलवता, समोरच्या बोर्डाकडे बघत शेजारणीशी बोलायचं, ही विद्या आम्ही पहिल्या महिन्यातच शिकलो. कानाला हेडफोन, हातात वायरी आणि तोंडातल्या तोंडात संसाराच्या गप्पा. संसार अर्थात तिचा. माझ्याकडे आई होती आणि आईची दुखणी होती. तिच्या चेहऱ्यापेक्षा तिचा आवाज मला जास्त पाठ आहे. उद्या तिला सर्दी होणार असेल तर ते मला आज कळतं.

तिचा नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा ती महिनाभर घराबाहेर पडली नव्हती. मीच एका सकाळी जाऊन तिला ओढून इथे समुद्रावर आणलं. तेव्हापासून हे चाललंय. दगडी पायऱ्या उतरायच्या, पाण्याच्या कडेने तुटक्या धक्क्यापर्यंत जायचं, तिथे बसायचं, परत यायचं. आधी पाऊण तास लागायचा, आता सव्वा तास लागतो. मला त्याचं काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, मला तो दीड तास झाला असता तरी चाललं असतं.

आज मला तिला एक गोष्ट विचारायची होती. धक्का येईपर्यंत विचारायचीच, असं ठरवून मी घरातून निघाले होते. आदल्या दिवशीही तेच ठरवलं होतं. त्याच्या आदल्या दिवशीही.

झालं होतं असं. चार महिन्यांपूर्वी इथेच चालता चालता ती म्हणाली, "मुलगा म्हणतोय, घर विकून टाकू या, तू आमच्याकडे ये." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय, बघू." तेवढंच. मी घरी गेले आणि आईच्या खोलीचं दार उघडलं. मागच्या बाजूची खोली, आई गेल्यापासून तिथे जुनी वर्तमानपत्रं आणि मोडकी इस्त्री राहत होती. सगळं काढलं. भिंती खरवडून घेतल्या, रंगाऱ्याच्या जोडीने स्वतः रंग दिला. फिकट पिवळा, कारण आठला पांढऱ्या भिंती बघितल्या की हॉस्पिटल आठवतं. पलंग घेतला तो उंच घेतला, गुडघा न वाकवता बसता यावं म्हणून. न्हाणीघरात धरायला भिंतीत स्टीलचा दांडा बसवून घेतला. रंगाऱ्याने विचारलं, "पाहुणे येणार वाटतं?" मी म्हटलं, "हो." रंगाऱ्याला सांगितलं. इस्त्री घेऊन गेलेल्या भंगारवाल्यालाही सांगितलं. तिला तेवढं सांगितलं नाही.

जीभच रेटेना. तिला मुलगा आहे, सून आहे, नात आहे. त्या सगळ्यांना सोडून माझ्यासारखीकडे येऊन राहा, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? तिच्या बोलण्यात जरा जरी आलं असतं की जायचं जिवावर आलंय, तर मी लगेच बोलले असते. मी रोज कान देऊन ऐकत होते. ती मात्र गुडघा, लिफ्ट आणि वाणसामान यांच्यापलीकडे काही बोलली नाही.

धक्का आला. आम्ही नेहमीच्या सपाट दगडावर बसलो. पाणी खाली गेलं होतं, ओल्या वाळूवर खेकड्यांनी गोळ्या करून ठेवल्या होत्या. आठने पाय लांब केला आणि गुडघा चोळायला लागली.

"मागच्या खोलीला रंग दिला," मी म्हणाले.

"माहीत आहे. दीड महिना तुझ्या नखांत पिवळा होता."

"ओल आली होती."

"त्या खोलीला? कधी नव्हे ती आली वाटतं."

"आली," मी म्हणाले आणि वाळूतली एक गोळी पायाच्या अंगठ्याने मोडली. तिने आणखी दोनदा गुडघा चोळला. मग "चल, मुलगा खोळंबला असेल" म्हणून माझ्या खांद्यावर भार देत उठली.

परतीला लागलो. पायऱ्या समोर दिसत होत्या आणि बेट्या आज चालत जवळ येत होत्या. शंभरेक पावलं राहिली असतील. मी समोर बघत, जसं आयुष्यभर बोलले तसंच बोलले, "आठ, तू जाऊ नकोस. माझ्याकडे येऊन राहा. खोली तुझ्यासाठी केली आहे."

ती चालत राहिली. मला वाटलं, लाटांच्या आवाजात गेलं. मग दहा पावलांवर ती थांबली आणि तिने चक्क मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून आहे हे मनात?"

"तू घर विकायचं बोललीस त्या दिवसापासून."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तू काही म्हणालीच नाहीस. मला वाटलं, तुला जायचंय."

"जायचं असतं तर तुझ्याकडे येऊन बोलले असते का? थेट मुलालाच हो म्हटलं असतं की. त्याला काही सांगायच्या आधी मी तुला सांगितलं. त्यानंतर तीन आठवडे त्याला झुलवत ठेवलं. आज गुडघा, उद्या डॉक्टर, परवा सोसायटीचे कागद. रोज इथे यायचे आणि वाटायचं, आज ही विचारेल. धक्क्यापर्यंत वाट बघायची, मग पायऱ्यांपर्यंत. तू आपली म्हणायचीस, मग? बघ बाई. विचार कर. म्हटलं, हिला एकटं राहायची सवय झाली आहे, आपण कशाला लोढणं व्हायचं?"

आमच्या बोर्डावर प्रत्येक भोकाखाली एक बारीक दिवा असायचा. पलीकडच्या माणसाने फोन उचलला की तो लागायचा, मग आपण वायरीचा प्लग खुपसायचा आणि विचारायचं, नंबर काय हवा. दिवा लागल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही, आपण होऊन कुणाच्या लाइनीत शिरायचं नाही. पहिला धडा हा. तो मोडला म्हणून पाच नंबरवालीला बोर्डावरून उठवून पोस्टाच्या तिकीट खिडकीवर पाठवलं होतं. चौतीस वर्षं आम्ही तो पाळला.

"दोघीही बोर्डाकडे बघत बसलो," आठ म्हणाली. "दिवा कुणी लावायचा?"

"अजून काय बिघडलंय?" मी म्हणाले. "गाडी दोनची आहे. घर गेलं तर जाऊ दे, खोली आहे. मी सांगते तुझ्या मुलाला. माझं ऐकतो तो."

"ऐकेल. तुझं तो नक्की ऐकेल. म्हणूनच सांगू नकोस."

"का?"

"त्याने बढतीवर पाणी सोडलं. दुसऱ्या गावी जायचं होतं, आई येणार म्हणून नाही म्हणाला. मला बोलला नाही, सुनेने सांगितलं. आणि नातीने तिची खोली दिली मला. सोळा वर्षांची आहे. त्या वयात आपण आपला आरसा कुणाला देत नव्हतो. महिनाभर बाहेर सोफ्यावर झोपतेय, सवय व्हावी म्हणून. तिला काय सांगू, आता नको तुझी खोली, मला दुसरी मिळाली?"

"तुला काय हवंय ते सांग."

तिने मान पुन्हा समोर वळवली. पाण्याकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "त्यांनी विचारलं गं. वेळेवर विचारलं. मी हो म्हटलंय."

मला राग आला. मुलाचा नाही, त्या पोरीचा तर नाहीच. चार महिने रंगाऱ्याशी भिंतीच्या रंगावरून वाद घालत बसलेल्या एका बाईचा मला राग आला. आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. एकाहत्तर वर्षांच्या बाईने भर सकाळी किनाऱ्यावर रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी नाक शिंकरलं. ते तिला फसवायला पुरेसं नव्हतं. तिने माझा दंड धरला आणि पायऱ्यांपर्यंत सोडला नाही.

"पत्र टाक," मी म्हणाले.

"फोन करीन. रोज करीन."

"फोनवर तुला बोलता येत नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे जोडून दिलेस, स्वतः बोलायची वेळ आली की हो, बरं, ठेवते."

"शिकेन," ती म्हणाली. "आधी तू विचारत जा, मग मी बोलेन. नाहीतर मी आधी विचारीन. कुणीतरी विचारायचं, एवढं पक्कं."

"पिवळा आवडला असता का गं तुला?" मी विचारलं.

"नखांवर बरा दिसत होता," ती म्हणाली. मग दोन पावलं टाकून म्हणाली, "आवडला असता."

पायऱ्यांच्या वर रस्त्यावर तिच्या मुलाची भाड्याची गाडी येऊन उभी होती. तो कठड्यापाशी आला आणि वरून म्हणाला, "आई, मावशी, सावकाश या. माणूस कपाट न्यायला आलाय, पण तो थांबेल." मोठा साहेब झाला तरी पोरगं गुणी आहे. नसतं तर मला सोपं गेलं असतं.

आठ खालच्या पायरीवर बसली. वाळू झाडायला वाकली, पण दोन दिवस खोकी बांधून गुडघा इतका धरला होता की हात घोट्यापर्यंतसुद्धा पोचेना. मी तिच्या समोर वाळूत खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

"अगं, काय करतेस? लोक बघतायत."

"बघू देत."

खिशातून रुमाल काढला. आधी तळवा पुसला, मग टाच, मग एकेका बोटाच्या मधली वाळू. अंगठ्याशेजारी तिला एक जुनं कुरूप आहे, ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून पाय कधी बघितलेच नव्हते. एक पाय झाला, त्यात चप्पल घातली, मग दुसरा घेतला. ती माझ्या डोक्यावरून समुद्राकडे बघत होती आणि तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

"आई?" वरून मुलाने हाक मारली.

"झालं का गं?" तिने विचारलं.

"अजून आहे," मी म्हणाले.

वाळूचा कणही राहिला नव्हता. मी पहिल्या पायातली चप्पल काढली आणि तो पाय पुन्हा मांडीवर घेतला. तिने घेऊ दिला.