बादलीत बसलेली डेलिया

लॉर्ना टिबेट्सच्या नावावर दोन ताकिदी जमा झाल्या होत्या. तिसरी झाली की संघ काढून घेतला जाईल, असं लीगच्या समितीनं तिला लेखी कळवलं होतं.

पहिली ताकीद मधमाशीची. एका मुलीच्या केसांत मधमाशी अडकली, ती लॉर्नानं हातानं काढली. लीगच्या नियमावलीत मधमाश्यांचा उल्लेख होता, पण तो मैदानाच्या देखभालीत. केसांचं काहीच म्हटलेलं नव्हतं. दुसरी ताकीद दाताची. सामना चालू असताना एकीचा दुधाचा दात पडला, तो हरवू नये म्हणून लॉर्नानं खिशात ठेवला. समितीच्या भाषेत हे खेळाडूची मालमत्ता ताब्यात घेणं झालं.

पूर्वी असं नव्हतं. सहा ते आठ वर्षांच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा तो संघ, नाव ‘काजवे’. लॉर्ना नऊ वर्षं विनामोबदला त्यांची कोच होती. स्वतःची मुलगी केव्हाच मोठी होऊन ओरेगनला गेली, तरी हिचे शनिवार मैदानावरच राहिले. मग हिवाळ्यात प्रेस्टन वाइक नावाचे वकील समितीला येऊन मिळाले आणि त्यांनी एक साधी गोष्ट समजावून सांगितली. फुकट काम करणाऱ्या कोचला कायद्याचं संरक्षण असतं, पण नेमून दिलेलं काम करत असेल तोवरच.

“मग नेमून दिलेलं काम म्हणजे काय, ते एकदा लिहून टाकू या,” वाइक म्हणाले होते.

लिहिता लिहिता एक्केचाळीस पानं झाली. कलमं एकशे सोळा. शिवाय पुरावा राहावा म्हणून कोचनं प्रत्येक कृती करण्यापूर्वी कलमाचा क्रमांक मोठ्यानं सांगायचा.

लॉर्नाला सुरुवातीला यात वावगं वाटलं नाही. ती गावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत क्लोरीन मोजायची. करायचं ते आधी लिहायचं, ही तिची तीस वर्षांची सवय. मुलींना तर हा खेळच झाला. “कोच, चौदा!” म्हणत त्या बुटाची सुटलेली नाडी पुढे करायच्या. “कोच, एकतीस!” म्हणजे शू लागली.

जूनमधल्या त्या शनिवारी तिसरा डाव सुरू होता आणि लॉर्ना फळीवरची फलंदाजीच्या क्रमाची नावं बघत होती. मागून आवाज आला.

“कोच, मी अडकले.”

डेलिया चेंडूंच्या मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत बसली होती. बसली म्हणजे दुमडली होती. चेंडू गवतावर ओतलेले, बूड तळाशी, पावलं कशीबशी आत कोंबलेली, गुडघे हनुवटीला. बाहेर फक्त डोकं, हात आणि निळी टोपी.

“का गं बसलीस?”

“बसता येतं का बघत होते.”

“मग?”

“येतं.”

लॉर्नानं अंदाज घेतला. बादली आडवी करायची, एकानं ती धरायची, दुसऱ्यानं काखेत हात घालून ओढायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. तिनं हात पुढे केला, तोच बाकावरच्या मुली एकसुरात ओरडल्या, “कोच, नंबर!”

नंबर नव्हता. एकशे सोळा कलमांत मुलीला बादलीतून काढण्याचं कलम नव्हतं.

“हात लावू नका!” वाइक पलीकडून जाळीपर्यंत धावत आले. डेलिया त्यांचीच मुलगी. “कोच, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. तिला ओढताना काही झालं, तर मला दावा लावावा लागेल.”

“तुम्ही लावाल?”

“बाप म्हणून. आणि लीगचा वकील म्हणून तुमचा बचावही मीच करीन. पण खरं सांगू, बाप म्हणून माझी बाजू भक्कम आहे.”

“मग तुम्हीच आत या आणि काढा.”

वाइकनी फाटकाकडे पाहिलं. सामना चालू असताना पालकांनी जाळीच्या आत यायचं नाही, हे नववं कलम. आपण ते लिहिलं तेव्हा बरं वाटलं होतं, असं काहीसं ते पुटपुटले.

सुदैवानं समितीच्या पाचपैकी चार जणी पालक म्हणून तिथंच घडीच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. गणपूर्ती झाली. अध्यक्ष जोअॅन ओबरहोल्ट यांनी मांडीवरच्या संत्र्याच्या फोडी बाजूला ठेवल्या आणि सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. नव्या कलमाचा ठराव मांडला गेला, अनुमोदनही मिळालं. मग दुरुस्ती आली. मुलीला बादलीतून काढायचं, की बादली मुलीवरून काढायची?

“एकच ना ते?” लॉर्नानं जाळीतून विचारलं.

“छे! पहिल्यात मुलीला हात लागतो, दुसऱ्यात साहित्याला,” वाइक म्हणाले. “जमीनअस्मानाचा फरक आहे.”

“चर्चेला पाच मिनिटं,” ओबरहोल्टबाई म्हणाल्या. “कोच, मध्ये बोलू नका. तुम्ही सदस्य नाही.”

एवढ्यात पंचानं हाक दिली. फलंदाजीला पुढचं नाव डेलियाचं होतं.

लॉर्नानं क्षणभर विचार केला. “कलम बावीस,” ती मोठ्यानं म्हणाली. “साहित्य वाहून नेणे.” आणि कडीला धरून, दुसरा हात बुडाखाली घालून तिनं बादली उचलली आणि फलंदाजाच्या चौकटीत नेऊन ठेवली. आत काय आहे याबद्दल बाविसाव्या कलमात एक शब्द नव्हता. वाइकनी पानं चाळून पाहिली.

पंच हे गावातले निवृत्त पोस्टमन. त्यांनी गुडघे टेकून बराच वेळ पाहणी केली. फलंदाजाचे दोन्ही पाय चौकटीच्या आत हवेत, एवढाच त्यांचा नियम.

“पाय बादलीत आहेत,” ते म्हणाले. “बादली चौकटीत आहे. खेळा.”

डेलियानं चेंडू मारला. चांगला मारला. मुली “पळ, पळ!” म्हणून किंचाळल्या. डेलियानं अंगाला झोके देऊन पाहिले, तशी बादली कलंडली, पहिल्या बेसच्या दिशेनं एक अख्खा फेरा गडगडली आणि थांबली. चेंडू आधी पोचला होता.

“बाद,” पंच हळहळून म्हणाले.

डेलिया हसत होती. मग हसू थांबलं.

“कोच, माझे पाय कुठे गेले?”

लॉर्ना तिच्याशेजारी बसली. बादलीच्या तोंडातून नडगीचा जो भाग दिसत होता, त्यावर लालसर जांभळी छटा चढली होती. डेलियाचा खालचा ओठ थरथरू लागला.

“किती वेळ लागेल?” लॉर्नानं जाळीकडे ओरडून विचारलं.

“दुरुस्तीवर उपदुरुस्ती आली आहे,” ओबरहोल्टबाई ओरडल्या. “बादली की बादलीसदृश भांडं?”

तिसरी ताकीद म्हणजे नुसता संघ नव्हता. संरक्षण गेलं की वाइकांचा तो भक्कम दावा, आणि त्यात आईनं मागे ठेवलेलं एवढंसं घर जाणार. लॉर्नाला हे सगळं नीट दिसत होतं. तिला जांभळी छटाही दिसत होती.

“वाइक,” ती म्हणाली, “रस्त्यानं जाणारा कुणी परका माणूस अडचणीतल्या मुलीला मदत करायला धावला, तर?”

“त्याला वेगळा कायदा आहे. चांगला कायदा आहे. त्याला काही नेमून दिलेलं नसतं ना.”

“मग मी राजीनामा देते.”

“कधीपासून?”

“आत्तापासून. लिहून घ्या.”

समितीच्या चिटणीसबाईंनी खरंच वेळ टिपली, दहा वाजून बेचाळीस मिनिटं. लॉर्नानं शिट्टी गळ्यातून काढून बाकावर ठेवली. एकही क्रमांक न सांगता तिनं आडवी पडलेली बादली पंचांना धरायला लावली आणि काखेत हात घालून ओढलं. डेलिया बाटलीचं बूच निघावं तशी निघाली. लॉर्नानं तिचे पाय मांडीवर घेतले आणि रंग परत येईपर्यंत चोळले.

मग फाटक उघडून ती बाहेर गेली. परक्या माणसाला आत थांबता येत नव्हतं.

कोच नसेल तर सामना हातचा जाणार होता. सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं आणखी कोण आहे, अशी विचारणा झाली. एकच माणूस निघाला, कारण ते प्रशिक्षण त्यानंच तयार केलं होतं. ठराव या वेळी विनादुरुस्ती, एका दमात मंजूर झाला.

प्रेस्टन वाइक शिट्टी हातात धरून जाळीच्या आत उभे राहिले. बारा मुलींनी त्यांच्याकडे पाहिलं.

“मिस्टर वाइक, एकतीस!”

“मला पण एकतीस!”

“माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय. त्याला नंबर नाहीये.”

वाइकांनी घाईघाईनं पानं उलटली. ते एकेक पाऊल मागे सरकत जाळीपर्यंत आले. पलीकडे लॉर्ना उभी होती.

“मी काय करू?” ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

“मला काय विचारता? मी रस्त्यानं चाललेय.”

“मग जरा सावकाश चाला ना,” वाइक म्हणाले.