फुप्फुसातल्या निळ्या कपच्या

"धूळ आहे ती, ताई. काप घेताना पडली असेल," सूक्ष्मदर्शकावरून डोळे न उचलता डॉक्टर म्हणाले.

"वरून पडलेल्या धुळीभोवती पेशी गोळा होत नाहीत, सर. या झाल्यात. ससा जिवंत असतानाच ते आत गेलंय."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "सोमवारी कंपनीला नळीच्या चाचणीचा अहवाल द्यायचाय. पुढच्या महिन्यात ती शिरेतून माणसांच्या हृदयापर्यंत जाणार. एका काचपट्टीपायी सगळं अडवायचं?"

ताईंनी काचपट्टी पेटीत ठेवली. सव्वीस वर्षं त्या प्राण्यांच्या अवयवांचे तुकडे मेणात बसवून केसाहून पातळ काप काढत होत्या. निदान डॉक्टरांचं, सहीही त्यांचीच. पण फुप्फुसातली ती निळसर कपची काही डोळ्यांपुढून हलेना.

घरी नवरा म्हणाला, "तुला कोणी पंच नेमलंय का? निवृत्तीला सात महिने उरलेत. झाकली मूठ झाकलेली राहू दे."

"मूठ माझी असती तर राहू दिली असती."

शनिवार-रविवार त्या कामावर गेल्या. चोवीस सशांच्या मेणाच्या वड्या बाहेर काढल्या. बारा सशांच्या शिरेत, सहज सरकावी म्हणून लेप दिलेली नळी घातली होती, बारांच्या साधी. प्रत्येक वडीला नवं पातं लावून त्यांनी पुन्हा काप घेतले. धुळीचं नावच निघायला नको. काचांवरचे क्रमांकही झाकले, आपलं मन आपल्यालाच फसवू नये म्हणून. मान आखडली, डोळे चुरचुरले. रविवारी संध्याकाळी क्रमांक उघडले. कपच्या नऊ सशांत होत्या. नऊही लेपाच्या नळीचे.

सोमवारी त्यांनी काचांचा ट्रे डॉक्टरांपुढे ठेवला. "मी काही म्हणत नाही. तुम्हीच बघा."

डॉक्टरांचा चहा निवून गेला. बाराव्या काचेनंतर ते खुर्चीत मागे टेकले. "लेपच सुटतोय, ताई." आणि त्यांनी फोन ओढला. "अहवाल आज मिळणार नाही. का म्हणजे? नळीत दोष आहे म्हणून."

दोन महिन्यांनी लेप बदलून नळी परत आली. चाचणी पहिल्यापासून करायची होती.

ताईंकडे आजवर फक्त अवयवांच्या बाटल्या यायच्या. पशुगृहाची पायरी त्या कधी उतरल्या नव्हत्या. त्या दिवशी उतरल्या. चोवीस नवे ससे आले होते.

"पुन्हा कशाला हो मागवले?" सशांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझ्यामुळे."

त्यानं एक ससा त्यांच्या हातात दिला. बोटांखाली त्याचं काळीज भराभर उडत होतं. ते जरा संथ होईपर्यंत ताई त्याला धरून उभ्या राहिल्या.