गुलाबी धूळ

मी सँडर बोलतोय, घासकामाचं यंत्र. दचकू नका, वायर काढलेली आहे, म्हणून आवाज एवढा खाली. एरवी मी सुरू झालो की शेजारच्या माणसालाही खुणांनी बोलावं लागतं. त्यामुळे माझं म्हणणं आजवर कुणी ऐकूनच घेतलेलं नाही.

माझा जन्म होड्या गुळगुळीत करण्यासाठी. फायबर चढवलेली नवी होडी तुम्ही पाहिली नसेल. अंगभर नुसते उंचवटे आणि खळगे. आधी ग्राइंडर तिचे उंचवटे उडवतो. तो माझा थोरला भाऊ, डोक्याने तापट, त्याला बारीकसारीक कळत नाही. मग खळग्यांत गुलाबी पुट्टी भरतात, ती वाळते आणि माझी पाळी येते. सगळं अंग एकसारखं होईपर्यंत घासत राहायचं. एवढंसं चुकलं तरी रंग दिल्यावर उन्हात ती चूक लांबून दिसते.

माझ्या गोल तळव्याला भोकं आहेत. धूळ त्यातून आत ओढायची आणि मागच्या कापडी पिशवीत साठवायची, अशी माझी घडण. खोक्यातून निघालो तेव्हा मी पिशवीसकट निघालो होतो. आता मला कुणी नावं ठेवली तर एवढं ध्यानात असू द्या.

माझे मालक कोण, तर मिस्तरी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पिशवी उपटून फेकून दिली. पुतण्या शेजारी उभा होता, दोन लेकरांचा बाप, नुकताच कामाला लागलेला. त्याला ते म्हणाले, "गुलाबी उडतंय तोवर चालू द्यायचं. हिरवट दिसलं की फायबर आलं, हात उचलायचा. धूळ दिसलीच नाही तर थांबायचं कुठं, कसं कळणार?"

आणि खरं सांगतो, माणूस चूक बोलत नव्हता. बाकीचे पुट्टी पार करून फायबर खरवडायचे, मग पुन्हा भरा, पुन्हा वाळवा, पुन्हा घासा. मिस्तरींच्या हातून तसं एकदाही झालं नाही. धुळीचा रंग बदलायच्या आत त्यांचा हात उचललेला असायचा. चार गावचे होडीवाले त्यांचं नाव सांगत यायचे. तोंडाला रुमाल बांधायचे तेवढाच. रुमालाने काय अडतंय, कपाळ!

मिस्तरीणबाईंना मी एकदाच कारखान्यात आलेलं पाहिलं. विसरलेला डबा द्यायला आल्या होत्या. नवऱ्याच्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं गुलाबी. त्या हसल्या नाहीत. घरी उशीचा अभ्राही रोज असाच निघतो, म्हणाल्या. मला उचलून उलटंपालटं केलं, पिशवी का नाही म्हणून विचारलं. मिस्तरींनी धुळीच्या रंगाचं सगळं पुराण सांगितलं. बाईंनी ते ऐकून पदराच्या काठाने माझ्या मागच्या नळीचं माप घेतलं आणि गेल्या.

आठ दिवसांनी डब्यासोबत पिशवी आली. जुन्या जाड पँटच्या कापडाची, दुहेरी शिवण, तोंडाला इलॅस्टिक. आणि ऐका, पोटाशी पारदर्शक प्लॅस्टिकची चौकोनी खिडकी! आत पडणाऱ्या धुळीचा रंग सरळ दिसावा म्हणून. मला बनवणाऱ्या इंजिनिअरांना जे सुचलं नाही ते या बाईला घरच्या शिलाई मशीनवर सुचलं. मला चढली तेव्हा अगदी बरोबर बसली. मी मनातून हरखलो होतो.

तेवढ्यात रंगारी तिथून चालला होता. थांबला, पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्तरी, बारसं कधी? वहिनींनी झबलं छान शिवलंय."

झालं. सगळे हसले. मिस्तरीही हसले, आणि हसता हसता पिशवी काढून खिळ्याला अडकवली. घरी काय सांगितलं माहीत नाही. रोज वापरतो, असंच सांगितलं असणार, कारण बाईंनी पुन्हा विचारलं नाही. कारागीर माणूस, हाताखाली दहा जण. झबल्यावरून हसू झालेलं कसं चालेल? कळतं पण वळत नाही, ते हेच.

खोकला सुरू झाला तेव्हा ते म्हणायचे, गार पाणी प्यालो. मग म्हणायचे, हवा बदलली. पुढे पुढे होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना मध्ये दोनदा बसायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, छाती आतून कडक झाली आहे आणि ती आता मोकळी व्हायची नाही. धूळ माझ्याच तळव्याखालची होती. मला राग येतो तो त्यांचा, रंगाऱ्याचा आणि माझाही.

मी पुतण्याच्या हाती आलो. गेल्या आठवड्यात मिस्तरी त्याला भेटायला आले. फाटकापासून माझ्यापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. पुतण्या घासत होता, भुवया गुलाबी. मिस्तरींनी खिळ्यावरची पिशवी काढली, झटकली आणि माझ्याकडे बोट केलं.

पुतण्याने मला बंद केलं. अगदी आदराने म्हणाला, "काका, धूळ दिसलीच नाही तर थांबायचं कुठं, कसं कळणार? तुम्हीच शिकवलंय ना."

मिस्तरींना पुष्कळ बोलायचं होतं. श्वास पुरला नाही. ते नुसते खिडकीवर बोट टेकवत राहिले, पुन्हा पुन्हा. पुतण्याला वाईट वाटलं असावं. त्याने पिशवी मला चढवली. काका फाटकातून बाहेर पडेपर्यंत ठेवली, मग काढली.

ती आता समोर खिळ्यावर आहे. इतकी वर्षं झाली, खिडकी आतून अजून स्वच्छ आहे. उद्या मला हाती धरणारा कुणी हे ऐकत असेल तर बाबा रे, हसणाऱ्यांना हसू दे, आधी तिला खाली काढ.

परवापासून पुतण्या खोकतोय. गार पाणी प्यालो, म्हणतो.