बिनखिळ्याचं खोपट

ज्या वर्षी आमच्या धाकट्या बहिणीचं, पुष्पाचं लग्न झालं, त्या १९८७ सालच्या फेब्रुवारीत गिरधरनं त्याचं यंत्र तपासायला आलेल्या मुंबईच्या साहेबांना आमच्या शेतात कमरेचा पट्टा काढायला लावला.

“बक्कल लोखंडी आहे, सर.”

“आणि चष्मा?”

“तो प्लॅस्टिकचा दिसतो. राहू द्या.”

साहेब हसले नाहीत.

गिरधर माझा पाठचा भाऊ. धुळ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात घालवायचा. बाटलीत रॉकेल, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्यात वीज सोडून एकदम तोडली की रॉकेलच्या अणूंच्या पोटातले कण भोवऱ्यासारखे डुलत आणि हेडफोनमध्ये बारीक सूर वाजे. सुरावरून चुंबकत्व कळे. अशी यंत्रं परदेशातून येत. त्याला ते इथंच करायचं होतं, आणि त्यांच्याहून नाजूक.

शहरात विजेच्या तारांमुळे सूर ऐकूच येईना, म्हणून त्यानं पारोळ्याजवळच्या आमच्या शेतात खोपट उभं केलं. बांबू, सुतळी आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. खिळा एकही नाही; जवळ लोखंड असलं की सूर बिघडे. बैलगाडीसुद्धा बांधापलीकडेच थांबवायची.

आज साहेबांची पसंती मिळाली तर काम पुढे चालणार होतं. नाहीतर यंत्र कपाटात बंद करू, असं प्राचार्यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

गिरधरनं कळ दाबली, ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. पुन्हा दाबली. सूर सुरू होताच मरत होता. यंत्राच्या पेटीवरचे आकडे वाचायला मी नुकताच शिकलो होतो; ते दर वेळी वेगळेच उमटत होते.

“परवा स्वच्छ वाजत होतं, सर.”

“परवा मी नव्हतो,” साहेब म्हणाले. “मला गाडी पकडायची आहे.”

गिरधरनं माझे खिसे चाचपले. “भाऊ, अडकित्ता?”

“बैलगाडीत ठेवला रे. कितीदा सांगू?”

मग तो बाटली उचलून एकेक जागा ऐकत फिरला. दाराशी सूर पार तुटला.

“इथं जमिनीत लोखंड आहे.”

त्यानं उकरायला लाकडी काठी घेतली, तोच आमची माय, भिकुबाई, येऊन नेमकी तिथंच मांडी घालून बसली.

“ऊठ, माय.”

“उठाव नही.”

“काय गाडं तू?”

“घोडानी नाल. बिनलोखंडनं घर शे हाई, बाधा व्हस. दिनभर एकला राहस तू याम्हा. तुना पहिले मना दोन लेकरं गयात.”

“माय, साहेब वाट देखी राह्यनात. मनं बठ्ठं काम वाया जाई!”

“जाऊ दे. तू राह्य.”

“काय म्हणतात त्या?” साहेबांनी मला विचारलं.

“गुडघे दुखताहेत म्हणते.”

गिरधरच्या हातात काठी तशीच होती. आता तो तिला ओढून बाजूला करेल असं मला वाटलं. त्यानं काठी खाली टाकली. सगळं दुसरीकडे मांडायचं तर जोडणीतच दुपार गेली असती. तो दारापासून लांबच्या कोपऱ्यात लाकडी स्टुलावर चढला आणि बाटली दोन्ही हातांनी छपरापर्यंत उंच धरली.

“भाऊ, कळ दाब. सर, तुम्ही ऐका.”

साहेबांनी हेडफोन लावला. मी कळ दाबली.

“हलू नका. पुन्हा.”

मी पुन्हा दाबली. तांब्यासकट ती बाटली जड होती. गिरधरचे दंड थरथरू लागले, घाम डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

“पडशी रे!” माय दारातून ओरडली.

“अजून एकदा,” साहेब म्हणाले.

शेवटी त्यांनी हेडफोन काढला. “सूर स्वच्छ आहे. पण ही जागा चालणार नाही. घरच्या माणसांपासून लांब जा.”

मंजुरी आली. गिरधरनं जामनेरकडच्या एका उघड्या माळावर नवं खोपट बांधलं. कॉलेजला सुटी लागली की तो तिथं, एकटाच. माय विचारायची, “कोठे शे रे ती जागा?”

“लांब शे, माय. तुले झेपाव नही.”

त्यानं तिला कधीच तिथं नेलं नाही. ती जागा तिनं पहिल्यांदा पाहिली ती आम्ही त्याला घरी आणायला गेलो तेव्हा. वाकून आत गेली आणि त्याच्या डोक्याखाली हात घातला.

गिरधर १८ मे १९९४ रोजी ऊन लागून वारला.