माझ्या पडद्यावरची झुंबर

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अकीलचं दुकान आहे. तिथं झेरॉक्स मशीनच्या मागे एक जुना संगणक धूळ खात पडलेला दिसतो ना, मित्रांनो, तो मी.

अकीलनं इकडून तिकडून सुटे भाग जमवून मला उभं केलं. सकाळी माझ्यावर लोकांचे अर्ज भरले जायचे. दुपारी गर्दी ओसरली की त्याचा दोस्त ज्ञानेश्वर येऊन बसायचा. जवळच्याच खेड्यातला, कपाशी पिकवणारा तरुण. त्याला राक्षस आणि जादूगारांचा एक खेळ फार आवडे. चौघांची टोळी घेऊन काळ्या किल्ल्यापर्यंत जायचं. लढाई मोठी सबुरीची असायची. आपला एक वार, मग शत्रूचा एक. तुम्ही चाल ठरवीपर्यंत राक्षससुद्धा जागच्या जागी डुलत उभा राही.

त्या वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली. ज्या बियाण्याला फवारणी लागणार नाही असं सांगितलं होतं, त्याच्यासाठी सारं गाव पंप पाठीवर घेऊन फिरू लागलं. ज्ञानेश्वर विषारी औषध फवारत होता आणि त्याची आई झुंबरबाई पाणी आणून देत होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पंपाचा आवाज कानात भरलेला. ती दोन ओळींमधल्या तासात कधी कोसळली, त्याला कळलंच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सारं संपलं होतं.

पुष्कळ दिवसांनी तो पुन्हा दुकानात आला. खेळ पहिल्यापासून सुरू केला. टोळीत जखमा बऱ्या करणारी एक बाई असे. तिचं नाव त्यानं झुंबर ठेवलं. अकील तेव्हा गिऱ्हाइकांत गुंतलेला होता. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. झुंबरला तो कायम मागच्या रांगेत ठेवी. तिच्यावर वार आला की दुसऱ्याची ढाल पुढे करी. कधी कधी चालच देत नसे, नुसता तिच्याकडे बघत बसे. सारा हिवाळा असा गेला.

मग अकीलनं मोठ्या हौसेनं त्या खेळाचा नवा भाग आणला.

"पाह्य ज्ञाना, असा झगमगाट तू पाह्यला नसशील!"

ज्ञानेश्वरनं त्यातल्या बाईचंही नाव झुंबरच ठेवलं. लढाई सुरू झाली आणि माझ्या पडद्यावर विजा, ठिणग्या, आकडे आणि धूर यांचा नुसता कल्लोळ उठला. कोणी कोणासाठी थांबेना. तो घाबऱ्या घाबऱ्या बटणं दाबत राहिला. धूर निवळला तेव्हा झुंबर जमिनीवर पडलेली होती.

"हे कधी पडली बे?"

"कोण?"

"झुंबर. कोणी मारलं तिले? मले तं काहीच दिसलं नाही."

"अरे, जिंकलो ना आपण!"

"कशाचं जिंकलो? कोण कोणाले मारून राह्यलं तेच समजत नाही. जुना खेळ लाव."

अकीलचा चेहरा उतरला. "नव्याले जागा पुरत नव्हती रे. जुना पुसला मी."

"माह्या झुंबरसकट?"

तेव्हा कुठं अकीलला उमगलं.

दोन-चार दिवसांनी त्यानं कुठून तरी जुना खेळ मिळवून माझ्यावर पुन्हा चढवला आणि स्वतः खेड्यात जाऊन ज्ञानेश्वरला घेऊन आला. दोस्ताचं मन मोडू नये म्हणून ज्ञानेश्वर बसला. खेळानं त्या बाईचं नाव पुन्हा नव्यानं विचारलं. त्याची बोटं माझ्या बटणांवर टेकली आणि तशीच उचलली गेली.

"नको अकील. दोनदा गेली माय, अन् दोन्ही बखत मले दिसली नाही."

तो उठून गेला. पुन्हा तो माझ्यासमोर बसला नाही. पुढं नवं मशीन आलं. मला मात्र अकीलनं भंगारात दिलं नाही. तो माझ्याकडे फारसा बघतही नाही.

मित्रांनो, नवं जरूर आणा, माझी ना नाही. पण कोणाचं जुनं पुसायला हात घालाल, तेव्हा आधी त्याला एवढं विचारा, "यात तुझं कोणी आहे का?"