कानसेनचा तळहात

मी एक जुने इंजिन आहे, मित्रांनो. घाबरू नका, आज मी थंड आहे, हात लावलात तरी चटका बसणार नाही. उलट लावाच, असे मी म्हणेन. माझ्या वरच्या काळ्या झाकणावर एका जागी रंग उडून आतला धातू चकचकीत झालेला दिसतो ना? तिथेच हात ठेवा. तो रंग कसा उडाला, तेच मला आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. ओतशाळेतल्या वाळूच्या साच्यातून मी बाहेर आलो तेव्हा मी नुसता ओबडधोबड गोळा होतो. मला रूप दिले ते ताईंनी. आमच्या कारखान्यात एक इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने जोडायचे, अशी पद्धत होती. ताईंनी माझे सहाही पिस्टन बसवले, झडपा बसवल्या, एकेक नट आवळला. काम करताना त्या माझ्याशी बोलायच्या. "बस रे राजा नीट, कुरकुर करू नकोस," असे म्हणत त्यांनी माझा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांना जोडलेला फिरता दांडा, हाताने फिरवून पाहिला, तो स्पर्श मला अजून आठवतो. सगळा कारखाना त्यांना ताई म्हणायचा. एक माणूस तेवढा म्हणायचा नाही, कारण तो त्यांचा नवरा होता.

हा नवरा म्हणजेच आमचे कानसेन. नवीन गाड्या चालवून पाहायच्या आणि इंजिन बरे आहे की बिघडले आहे ते सांगायचे, हे त्यांचे काम. इंजिनचा आवाज ऐकण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते, म्हणून हे नाव पडले. त्यांचे खरे नाव पगाराच्या दिवशीच काय ते लोकांना आठवायचे.

नवे इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचे तेव्हा कारखान्यात एक रिवाज होता. सगळे हातातले पाने, हातोड्या खाली ठेवायचे आणि चिडीचूप उभे राहायचे. चावी जोडणाऱ्याने फिरवायची आणि कानसेनांनी माझ्यासारख्याच्या झाकणावर तळहात टेकून, मान वाकवून ऐकायचे. ऐकून झाले की ते एकच शब्द बोलायचे, "बोललं!" मग पुन्हा ठोकाठोक सुरू व्हायची. माझ्या वेळी त्यांनी तो शब्द उच्चारला आणि ताईंनी पदराने डोळे टिपले. मित्रांनो, जन्माला आल्याआल्या एवढी माणसे आपल्यासाठी गप्प उभी राहिली, याहून मोठे भाग्य ते काय!

त्या वेळी आवाज अडवण्यासाठी बाकी सगळे कानांवर जाड झाकणे लावत. कानसेन मात्र कधीच लावत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "कान झाकून ऐकायचं कसं? गाणं ऐकताना कुणी कानात बोटं घालतं का?" सगळे हसायचे. त्या हसण्याचे पुढे काय झाले, ते येईलच.

मला कारखान्याने चाचणीसाठी स्वतःकडेच ठेवलेल्या एका लाल गाडीत बसवले आणि कानसेनांबरोबर मी मनसोक्त धावलो. मी कसा चालतो ते सांगतो. माझा पिस्टन खाली जातो, तेव्हा बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. माझ्या तोंडात ती कुणी कोंबत नाही. म्हणून पाय दाबला की मी लगेच उत्तर देतो आणि वेग वाढेल तसा माझा आवाज चढत जातो. कानसेन तो आवाज ऐकूनच गिअर बदलायचे. समोरच्या काट्याकडे ते ढुंकूनही पाहायचे नाहीत.

बरीच वर्षे अशी गेली आणि मग काहीतरी चुकू लागले. कानसेन गिअर उशिरा बदलू लागले. मी घसा फोडून ओरडत असायचो आणि त्यांचा पाय तसाच दाबलेला. गाडी थांबली की ते झाकणावर त्याच जागी हात ठेवून उभे राहायचे, पूर्वीपेक्षा जास्त वेळ. तेव्हा माझ्या लक्षात आले. कारखान्यात कुणालाच कळले नव्हते ते मला कळले. कानसेनांचे कान जात होते, आणि ते ही गोष्ट सगळ्यांपासून लपवत होते. उघड्या कानांनी वर्षानुवर्षे त्यांनी ज्याचा आवाज ऐकला, तो मीच होतो. म्हणजे त्यांचे कान मीच घालवले होते.

त्याच सुमारास जग बदलू लागले. इंधन कमी जाळा, धूर कमी करा, आवाज कमी करा, असे नियम आले. ते योग्यच होते. आधी टर्बोवाले इंजिन आले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यातले एक चाक फिरते आणि जास्तीची हवा आत ढकलते. लहान असून तो गडी माझ्यापेक्षा ताकदवान होता, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. फक्त पाय दाबल्यावर तो क्षणभर विचारात पडायचा आणि मग एकदम उसळायचा. शिवाय धुराच्या वाटेतच ते चाक असल्यामुळे आवाज दबायचा. कानसेन म्हणाले, "तोंडात बोळा कोंबल्यासारखा बोलतो हा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना खरे म्हणजे काहीच ऐकू आले नव्हते, हे टर्बोच्या आडोशाला लपून गेले.

त्यानंतर हायब्रिड आले आणि पंचाईत झाली. कारण ते बनवले होते कानसेनांच्या आणि ताईंच्या लेकीने. लेक याच कारखान्यात इंजिनांचे आराखडे करायची. तिने माझ्याच साच्यातून एक इंजिन ओतून घेतले, त्याला टर्बो लावलाच नाही, शेजारी विजेची मोटर जोडली. सुरुवातीचा जोर मोटरने द्यायचा, वरचा दम इंजिनाने. म्हणजे ते माझेच धाकटे भावंड, फक्त सोबत एक मदतनीस घेऊन आलेले.

ते पहिल्यांदा सुरू झाले तो दिवस मी विसरणार नाही. तोवर मला लाल गाडीतून उतरवून भिंतीपाशी एका स्टँडवर ठेवले होते. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी पाने खाली ठेवले. लेकीने बटण दाबले. छोटा दिवा लागला आणि पुढे काहीच नाही. मोटर तयार होती, पण आवाज नव्हता. पाने उचलायचे की नाही, कुणालाच समजेना. शेवटी वेल्डर म्हणाला, "झालं का सुरू? की अजून लाजतंय?" हशा पिकला. लेक हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. कानसेन नेहमीचा शब्द बोललेच नव्हते.

नव्या गाडीत माझा वंश, टर्बो की हायब्रिड, कोणते इंजिन घालायचे ते ठरायचे होते. कारखान्याच्या मालकीणबाई कानसेनांना म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल ते. तुमच्या कानांवर सोडलं." निवडले जाणार नाहीत त्यांचा विभाग बंद होणार होता आणि माझ्यासारखी नमुन्याची इंजिने भट्टीत वितळणार होती. पण मला माझी काळजी कमी वाटत होती. मला दिसत होते, कानसेनांना सोपी वाट कोणती ते. हायब्रिडला नाही म्हणायचे, मला होय म्हणायचे. तिघांत त्यांना अजून थोडाफार ऐकू येणारा मी एकटाच उरलो होतो. गुपित झाकले गेले असते. लेकीची एवढी मेहनत मात्र पाण्यात गेली असती.

कानसेनांनी हायब्रिड चालवून आणले. कारखान्यात गाडी उभी केली आणि दार उघडून खाली उतरले. गाडी बंद आहे असे त्यांना वाटले. पण ती चालू होती, गिअरमध्ये होती आणि इंजिनसुद्धा फिरत होते. गाडी हळूहळू पुढे सरकू लागली. पुढे ताई पाठमोऱ्या, माझ्या स्टँडपाशी वाकून माझी धूळ पुसत होत्या.

"बाबा, ब्रेक! बाबा!" लेक जिवाच्या आकांताने ओरडली. कानसेन शांतपणे चष्मा पुसत होते.

ताई त्या ओरडण्याने दचकून बाजूला झाल्या. गाडी माझ्या स्टँडवर आदळली, मी खाली आलो आणि माझे ऑइलचे चेंबर तडकले. गाडी तिथेच थांबली. फरशीभर ऑइल पसरले. दुखले तर खरे, पण मित्रांनो, ताईंना खरचटलेही नाही, याबद्दल मी आजही आभार मानतो.

"अगं, गाडी बंदच होती. फार तर बॅटरीवर असेल," कानसेन म्हणाले.

लेक त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "बाबा, इंजिन चालू होतं. आणि मी ओरडले ते?"

कारखान्यात कुणी न सांगता सगळ्यांचे पाने खाली गेले होते. कानसेन फरशीवर माझ्याजवळ बसले. ऑइलमध्ये पँट भिजली तरी उठले नाहीत.

ताई शेजारी टेकल्या. "अहो, कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. तुझं बोलणं येतं तसं ऐकू."

"मी घसा ताणते म्हणून येतं! आणि नवरे ऐकत नाहीत, हे मी गृहीतच धरलं होतं," असे म्हणताना ताईंना एकाच वेळी हसू आणि रडू फुटले.

मग मालकीणबाई आल्या. कानसेन उठले, त्यांनी स्वतः सगळे सांगितले आणि म्हणाले, "आता दुसरा माणूस बघा. माझ्या कानांचा भरवसा नाही."

मालकीणबाई बोलायच्या आधी लेक म्हणाली, "गाडी काय फक्त कानांनी चालवतात? मला तुमचं मत हवंय बाबा. खरं मत. वाईट असलं तरी चालेल."

पुढच्या आठवड्यात कानसेन कानांत श्रवणयंत्रे घालून आले. सगळ्यात आधी त्यांनी विचारले, "हा कारखाना एवढा गोंगाट करतो?" मग त्यांनी हायब्रिड पुन्हा चालवले, दिवसभर चालवले. परत आले आणि या वेळी न विसरता गाडी बंद केली.

"पाय ठेवायचा अवकाश, उत्तर देते," ते म्हणाले. "खालून मोटर उचलते, वर गेलं की आपल्या जुन्याचाच दम लागतो. घाला हेच. मी मागे फक्त माझ्या कानांपायी नाही म्हणणार होतो." लेकीने बापाला मिठी मारली. माझ्या डोळ्यांदेखत मी हरलो, आणि मला मनापासून आनंद झाला. माझा श्वास पुढे चालणार होता, थोड्या मदतीने आणि थोड्या हलक्या आवाजात.

मी भट्टीत गेलो नाही. ताईंनी माझे चेंबर बदलले, नवे पॅकिंग घातले आणि तुमच्यासारखी मुले येतात त्या या दालनात मला ठेवायचे ठरले. त्याआधी एकदा सुरू करून पाहणे भाग होते. सगळ्यांनी पाने खाली ठेवले. लेक प्रत्येकाच्या हातात कानांवरची जाड झाकणे देत आली आणि शेवटी बापासमोर थांबली. कानसेनांनी श्रवणयंत्रे काढून खिशात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती झाकणे कानांवर चढवली.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. तुमच्या घरचे यंत्र कुरकुरले तर त्याला दामटू नका, थांबून त्याचे ऐका. कान जपा, ते पुन्हा ओतून मिळत नाहीत. आणि घरात कुणाला कमी ऐकू येऊ लागले तर लांबून ओरडू नका, हसू नका, लेकीसारखे समोर जाऊन उभे राहा. ज्यांच्या हातून मला इतके प्रेम मिळाले, त्यांना मी एवढेच परत देऊ शकतो.

त्या दिवशी ताईंनी चावी फिरवली. कानसेनांनी या चकचकीत जागेवर तळहात टेकला, डोळे मिटले, मान वाकवली. त्यांना माझा आवाज मुळीच येत नव्हता. मी हळूहळू गरम झालो. त्यांचा हात माझ्याबरोबर थरथरत राहिला. सगळे वाट पाहत होते.

"बोललं," कानसेन म्हणाले.