चाळीस पावलांचा घुमट

विश्वास ठेवणार नाहीच तुम्ही, तरी सांगतो. सरसेनापतींच्या थडग्याच्या घुमटाला वर जे भगदाड आहे ना, त्यापायी माझ्या दादाचा जीव जाणार होता. तो मी वाचवला. ही वहिनी समोर बसलीये, विचारा हवं तर.

दादा त्या कामावरचा मुख्य गवंडी. सरसेनापती तेव्हा चांगले धडधाकट. पण आपल्यामागे लोक आपल्याला थडगं बांधतील यावर त्यांचा भरवसा नव्हता. तेवढा एक अंदाज त्यांचा बरोबर होता. जन्मात एकच लढाई लढले, तीही पाठ दाखवून. पदकं मात्र इतकी, की खाली वाकले की भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं वाटायचं.

नकाशावरचं फुटांचं माप त्यांना चालेना. "फूटपट्टी शिपायांना! माझं थडगं माझ्या पावलांनी मोजायचं." पाया आखताना स्वतः ढांगा टाकत चालले. चाळीस पावलं. दादानं खुंट्या ठोकल्या.

भिंती उठायला अकरा वर्षं गेली. मग घुमटाचे दगड घडवायचे म्हणून साहेब पुन्हा चाळीस पावलं चालले. आता पोट सुटलेलं, गुडघे सुजलेले. चालले ते बदकासारखे. माप चुकतंय म्हणायची छाती कुणाची? त्याच मापानं दगड घडले. चारी बाजूंनी वर चढवले, तर मधोमध भेटेचनात. बैलगाडी जाईल एवढं भोक!

साहेब पाहायला येणार, आणि घुमट मिटला नसेल तर दादाला गोळी, असा हुकूम. दादा पांढराफटक.

"आता रे काय करू?"

"तू गप्प उभा राहा," म्हटलं. "मी बोलतो."

साहेब आले. मान वर केली. "हे काय?"

मी पुढे झालो. "साहेब, एवढा मोठा माणूस झाकणाखाली ठेवायचा? आभाळानं सलाम कुठून करायचा?"

साहेब विरघळलेच! दादाला पदक दिलं. पुढे मेले, तिथेच पुरले. तेव्हापासून गावातली झाडून सगळी कबुतरं त्या भोकातून येतात आणि साहेबांच्या संगमरवरी मिशांवर रोज सलाम सोडून जातात. अजून डोळ्यांपुढे येतं माझ्या: रोखलेल्या बंदुका, दादा थरथरतोय, आणि मी छाती काढून—

"भावोजी," वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाली, "बोलले ते हे. तुम्ही आमच्या माळ्यावर लपला होतात. तीन दिवस ताट वर मीच देत होते."